‘दिसलाच नाही!’

मराठी भाषेतले सर्वांत निष्ठुर वाक्य कोणते, असे मला कोणी विचारले तर त्याच्या शोधासाठी मी ग्रंथालयाची पायरी चढणार नाही. सोलापूरच्या कोणत्याही हमरस्त्यावर, अपघातानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, ते ऐकायला मिळते. मोटारीचे दार उघडते, एक सुखवस्तू गृहस्थ खाली उतरतात, आडव्या पडलेल्या फटफटीकडे आणि तिच्यापलीकडे पडलेल्या माणसाकडे पाहतात आणि म्हणतात, “दिसलाच नाही ओ!” एवढे म्हटले की जमलेल्या गर्दीचा निम्मा राग ओसरतो. जणू घडल्या प्रकाराचा उलगडा झाला, आणि आता उरले ते फक्त रिक्षा थांबवून जखमीला सिव्हिलमध्ये पोचवण्याचे काम.

या वाक्यावर माझा आक्षेप आहे. तो नीतीचा आहे तसा व्याकरणाचाही आहे. आणि वाङ्मयाला वाहिलेल्या अंकात व्याकरणापासून सुरुवात केली तर वाचक रागावणार नाहीत. ‘मला तो दिसला नाही’ या वाक्याचा कर्ता कोण? शाळेतले पोरही सांगेल: ‘तो’. क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. मोटार चालवणारा या वाक्यात आहे खरा, पण ‘मला’ होऊन, चतुर्थीच्या आडोशाला, हात बांधून उभा आहे. दिसणे हे त्या दुसऱ्याचे काम होते आणि ते त्याने केले नाही, असा या वाक्याचा सरळ अर्थ होतो. पाय मोडून पडलेल्या माणसावर, तो शुद्धीवर येण्याच्या आत, कसुरीचा आरोप ठेवणारी ही रचना आहे. इंग्रज मोटारवालाही हीच सबब सांगतो. तिकडच्या मोटारसायकलस्वारांनी ती इतक्या वेळा ऐकली आहे की ‘सॉरी मेट, आय डिडन्ट सी यू’ या शब्दांच्या आद्याक्षरांचा ‘स्मिड्सी’ असा एक शब्दच त्यांनी थट्टेने बनवून टाकला. पण त्या सबबीतसुद्धा कर्ता ‘मी’ आहे. न पाहण्याची क्रिया माझी, एवढे तरी इंग्रजाला त्याचे व्याकरण कबूल करायला लावते. आपल्याकडे ‘मी पाहिले नाही’ असे शुद्ध, सोपे मराठी वाक्य हाताशी असताना अपघाताच्या जागी ते उच्चारलेले मी आजवर एकदाही ऐकलेले नाही.

आणि एकट्या मोटारवाल्याला तरी काय म्हणून बोल लावावा? दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र उघडून पाहा. ‘काळाचा घाला’, ‘काळाने झडप घातली’, ‘अज्ञात वाहनाची धडक’, ‘चालकाचा ताबा सुटला’, ‘दुचाकीस्वार मोटारीवर आदळला’. यांतल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता शोधा. काळ सापडेल, वाहन सापडेल, ताबा सापडेल, आणि मेलेला मनुष्य सापडेल. मांडीवरच्या मोबाइलकडे पाहत चाक फिरवणारा जिवंत मनुष्य तेवढा कोठे सापडणार नाही. ताबा हा काय दावणीचा बैल आहे, की तो आपण होऊन सुटावा? आणि काळाचे म्हणाल तर त्याला परवाना लागत नाही, त्याच्या गाडीला नंबर नसतो, विमा नसतो, ओळखीचा नगरसेवक नसतो. तेव्हा त्याच्या नावावर सर्व लिहून टाकणे सर्वांच्याच सोयीचे. बातमीदाराला घाई असते हे मला समजते. परंतु घाईत होणाऱ्या चुका दर वेळी एकाच बाजूला झुकाव्यात, हे मला समजत नाही.

विजापूर रस्त्यावर माझ्या डोळ्यांदेखत घडलेला एक प्रकार सांगतो. दुपारची वेळ, रस्ता कोरडा, ऊन लख्ख. मागे टॉवेलचे गठ्ठे बांधलेला एक तरुण, बहुधा पूर्व भागातल्या कुठल्याशा यंत्रमागावरचा, आपल्या डाव्या बाजूने सरळ चालला होता. समोरून आलेली एक मोठी पांढरी मोटार त्याच्या पुढ्यातूनच उजवीकडच्या गल्लीत वळली. त्या तरुणाच्या गाडीचा पुढचा दिवा भर दुपारी जळत होता. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनाबरोबरच लागतो, तो विझवण्याची सोयच गाडीला नसते. आणि ही योजना मुळात एवढ्याचसाठी आहे की दुचाकी समोरच्याला दिसावी. (पहिली दोन-तीन वर्षे रस्त्यावरची सगळी परोपकारी मंडळी मूठ उघडून-मिटून ‘दिवा चालू राहिलाय’ म्हणून खुणा करीत होती. म्हणजे दिवा दिसतो, याविषयी शंका नको.) असो. तरुण गठ्ठ्यांसकट पडला, पायाचे हाड मोडले. मोटारवाले उतरले, ठरलेले वाक्य बोलले. मग गर्दीने चौकशी सुरू केली, आणि ती कोणाची, तर पडलेल्याची! “हेल्मेट कुठाय बे याचं?” “जोरात असणार की!” “लायसन हाय का बघा.” कोणी तरी पाण्याची बाटली आणली. ती आधी मोटारवाल्यांना दिली गेली, कारण साहेब घाबरले होते. साहेबांना एकाही माणसाने एकही प्रश्न विचारला नाही. मी विचारला, तेव्हा माझ्याकडे लोकांनी असे पाहिले की जणू मयताच्या घरी मी उसने पैसे मागत होतो.

आता दुसरी बाजू नीट मांडली पाहिजे, नाही तर हा नुसता त्रागा ठरेल. ‘दिसला नाही’ ही सबब पुष्कळदा खोटी नसते. डोळा म्हणजे छायाचित्रकाराचा कॅमेरा नव्हे. चौकात उजवी-डावीकडे भरकन नजर फिरवताना डोळा टप्प्याटप्प्याने उड्या मारतो, आणि दोन टप्प्यांच्या मधले आपल्याला दिसत नाही. मेंदू ती फट परस्पर भरून काढतो. मोटारीच्या काचेशेजारचा खांब एक अख्खी दुचाकी सहज झाकतो. लहान वस्तू आहे त्याहून दूर आणि आहे त्याहून सावकाश येते आहे असे वाटते. म्हणून ट्रकपुढून कोणी वळत नाही आणि मोटारसायकलीपुढून सगळे वळतात. शिवाय मन ज्याची वाट पाहत नाही ते डोळ्यापुढे असूनही दिसत नाही. १९९९ साली अमेरिकेत सायमन्स आणि शॅब्रिस या दोघा मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: चेंडूच्या खेळाची फीत दाखवून फेकी मोजायला सांगितल्या, मध्येच गोरिलाचा वेष घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून छाती बडवून गेली, आणि पाहणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना ती दिसलीच नाही. गोरिला जेथे दिसत नाही तेथे टॉवेलवाल्याची काय कथा!

परंतु हा खुलासा मोटारवाल्याला सोडवीत नाही, उलट अधिक गुंतवतो. डोळा फसतो हे ठाऊक असेल तर दोनदा पाहावे, वळण्याआधी थांबावे, मान हलवून खांबापलीकडे डोकवावे. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालाने हे चित्र फार स्पष्ट केले आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजलिसच्या परिसरातील मोटारसायकलींच्या नऊशे अपघातांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन छाननी केली. ज्या अपघातांत दुसरे वाहन गुंतलेले होते त्यांपैकी दोन-तृतीयांश अपघातांत मोटारसायकलस्वाराचा पुढे जाण्याचा हक्क त्या दुसऱ्या वाहनाने मोडला होता. नेहमीचा प्रसंग म्हणजे समोरून येणारी मोटार स्वाराला आडवी वळते. तिकडे ती डावीकडे वळते, आपण डावीकडून चालतो म्हणून आपल्याकडे उजवीकडे. विजापूर रस्त्यावर घडले ते हेच. धोका दिसल्यापासून धडक बसेपर्यंत स्वाराला सर्वसाधारणपणे दोन सेकंदही मिळत नाहीत, असेही त्यांना आढळले. आणि याच अहवालात एक निरीक्षण असे आहे, की धडक देणाऱ्या मोटारवाल्यांचा मोटारसायकलीशी सहसा परिचय नव्हता. त्यांनी ती कधी चालवलेली नव्हती, म्हणून त्यांचे मन रस्त्यावर तिची वाट पाहत नव्हते.

हे निरीक्षण वाचले आणि मला आपल्या गावाची लाज वाटली. लॉस एंजलिसच्या मोटारवाल्याला ती सबब आहे. सोलापूरच्या मोटारवाल्याला कोठून असणार? गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा हे शहर सायकलींचे होते. भोंगे बंद पडले आणि ते दुचाकींचे झाले. आज होटगी रस्त्याने काचा वर करून जाणाऱ्या दहा मोटारवाल्यांपैकी नऊ जण कालपरवापर्यंत पत्नी मागे, पोर पुढे आणि भाजीची पिशवी हँडलला अशा थाटात याच रस्त्याने जात होते. सात रस्त्याच्या गर्दीत अंग चोरणे म्हणजे काय, एसटी शेजारून घासून गेली की पोटात काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकायचे नाही. तरीही मोटारीचा पहिला हप्ता भरला की दुचाकी दिसेनाशी होते! हा डोळ्यांचा विकार मानायला मी तयार नाही. ज्या पायरीवरून आपण वर चढलो ती पायरी न पाहण्याची आपली जुनी सवय आहे, आणि तीच रस्त्यावर आली आहे.

याचा पुरावा म्हणून म्हैस पाहा. दिवाळीच्या पाडव्याला गवळी मंडळी शिंगे रंगवून, गळ्यात माळा घालून म्हशी मिरवतात. पण मी म्हणतो ती म्हैस वर्षभराची, साधी, न रंगवलेली. ती काळी असते, संध्याकाळच्या अंधुक उजेडात असते, तिला दिवा नसतो, आरसा नसतो, हॉर्न नसतो आणि डाव्या बाजूचा नियम तिला ठाऊक नसतो. पण मोटारवाल्याला ती शंभर पावलांवरून दिसते. तो थांबतो, कळप जाऊ देतो. कारण म्हशीला धडकले तर बॉनेट चेपते आणि गवळी पैसे वसूल केल्यावाचून सोडत नाही. डोळा तोच, रस्ता तोच. ज्याची किंमत मोजावी लागते ते दिसते.

यावर येणारे उत्तर मला पाठ आहे. दुचाकीवाले तरी कोठे संत आहेत? तिघे-तिघे बसतात, उलट बाजूने येतात, आरसे काढून टाकतात, मिसरूड न फुटलेली पोरे बापाची गाडी उडवतात. सगळे कबूल. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोर तासभर उभे राहिले तर या प्रत्येक गुन्ह्याचा नमुना पाहायला मिळेल, आणि त्यांना दंड व्हावा याविषयी माझे दुमत नाही. पण सरळ आपल्या बाजूने चाललेल्या माणसाला आडवे जाण्याचा परवाना या गुन्ह्यांतून कसा निघतो? न्यायालयांनाही तो निघताना दिसलेला नाही. मोटारसायकलीवर तिसरा म्हणून बसलेल्या एका मृताच्या कुटुंबाची भरपाई, तिघे बसले होते एवढ्याच कारणाने दहा टक्क्यांनी कापली गेली होती. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कपात रद्द केली. तिघे बसणे हा कायद्याचा भंग खरा, पण त्या भंगामुळेच अपघात घडला किंवा इजा वाढली हे दाखवल्याशिवाय मृताला सहदोषी धरता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. सर्वोच्च न्यायालयाला जे कळते ते विजापूर रस्त्यावरच्या गर्दीला कळायला काय हरकत आहे?

राहिले हेल्मेट. पुण्याच्या मंडळींनी २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा मी त्यांना हसलो होतो. हेल्मेट घालावे, पट्टा आवळून घालावे, मागे बसणारीनेही घालावे. पण हेल्मेटची पावती फाडली की रस्तासुरक्षा झाली, ही जी सरकारी समजूत आहे तिची किंमत काय ते सरकारचेच आकडे सांगतात. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीवरची ७४,८९७. हेल्मेट नसलेली ५०,०२९. उरलेल्या सुमारे पंचवीस हजारांचे काय? आणि त्या पन्नास हजारांना तरी हेल्मेट नव्हते एवढेच कळते. त्यांना पाडले कोणी, हा रकाना आपण त्याच दक्षतेने भरत नाही. टोपीची हजेरी घेणे सोपे आहे. चौकात उभे राहून, वळणाऱ्या मोटारवाल्याची नजर कोठे आहे ते पाहणे कष्टाचे आहे.

माझ्या पुतणीला मी स्वतः गाडी शिकवली. तिला मी काय सांगितले तेही येथे मांडतो, कारण प्रतिपक्ष ते माझ्याच विरुद्ध वापरणार. मी तिला सांगितले, बाई गं, तू कोणाला दिसत नाहीस असे धरून चाल. आरशात मोटारवाल्याचे तोंड तुला दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. चौकात त्याच्या तोंडाकडे पाहू नकोस, तो तुझ्याकडे पाहून हसूनही वळेल. पुढच्या चाकाकडे पाहा, चाक खोटे बोलत नाही. समोर मोटार वळायला उभी असेल तर गती आधीच उतरव, बोटे ब्रेकवर ठेव, आणि आपल्या पट्ट्यातल्या पट्ट्यात थोडी डावी-उजवी हो. सरळ रेषेत येणारा दिवा जागच्या जागी स्थिर वाटतो, हललेला दिवा डोळ्यांत भरतो. डावीकडे वळणाऱ्या बसच्या आणि ट्रकच्या डाव्या अंगाला कधी घुसू नकोस. पुढचे चाक जेथून जाते त्याच्या पुष्कळ आतून मागचे चाक जाते. संध्याकाळी मावळतीला तोंड करून जाताना समोरच्याला तू उजळ दिसतेस. पण मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन असते, हे ध्यानात ठेव.

हे सारे तिने ऐकले, आणि मग विचारले, “काका, मोटार शिकणाऱ्यांना हे कोण सांगतं?” मी गप्प बसलो, कारण कोणी सांगत नाही. दुर्बळाने अंग चोरून चालावे हे शहाणपण मी तिला दिले ते ती जिवंत घरी यावी म्हणून. पण तिच्या शहाणपणावर मोटारवाल्याचा हक्क कसा प्रस्थापित होतो? घराला कुलूप लावणे शहाणपणाचे. म्हणून कुलूप न लावलेल्या घरात शिरणारा चोर निर्दोष ठरत नाही.

कायदा, खरे तर, इतका आंधळा नाही. फाट्यावरून मुख्य रस्त्याला येणाऱ्याने मुख्य रस्त्यावरच्याला वाट द्यावी, हे नियमांत लिहिलेले आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात मोबाइल धरणे हे धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात नाव घेऊन घातले. निष्काळजीपणे जीव घेण्याची शिक्षा जुन्या दंडसंहितेत जास्तीत जास्त दोन वर्षे होती, ती १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत पाच वर्षे झाली. अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे उपकलमही लिहिले होते. जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी चाके थांबवली, आणि बाकीची संहिता लागू झाली तेव्हा तेवढे उपकलम बाजूला ठेवले गेले. संघटित चाकांचे सरकार ऐकते. दुचाकीवाल्यांची संख्या त्यांच्या कितीतरी पट, पण त्यांनी कधी चाके थांबवली नाहीत. त्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असते. आणि मनात आणले तर आपल्या प्रशासनाला काय जमत नाही? दर कोजागिरीला सोलापूरहून माणसांची रीघ पायी तुळजापूरला निघते, तेव्हा तो राष्ट्रीय महामार्ग वाहनांना बंद करून पायी चालणाऱ्याच्या स्वाधीन केला जातो. भवानीच्या भक्ताला मिळणारी ही जागा, कुंभारीहून पहाटे दुचाकीवर कामाला निघालेल्याला वर्षाचे उरलेले दिवस मिळू नये, याला कारण पैशाचे नाही.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा जिल्ह्यातले साखर कारखाने पेटण्याच्या बेतात असतील. महाराष्ट्रात सर्वाधिक कारखाने आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि याचा आपल्याला अभिमान आहे. मोळीपूजन होईल, सत्कार होतील, आणि मोहोळ-पंढरपूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर चालू लागतील. त्यांच्या मागे लाल परावर्तक असलेच पाहिजेत असा केंद्रीय नियम आहे. प्रत्यक्षात कित्येक ट्रॉल्यांच्या मागे दिसते ते उसाचे लोंबते वाढे. ताशी साठ किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला पावणेसतरा मीटर कापते. पाहणे, समजणे आणि थांबणे यांत पंचेचाळीस-पन्नास मीटर जातात. आणि खाली केलेल्या दिव्याचा झोत तीस-चाळीस मीटरच्या पुढे फारसा पोचत नाही. हिशेब कोणीही करावा. आणि येथे आपली भाषा कशी कोलांटी मारते तेही पाहावे. अंधारात दिव्यावाचून उभी असलेली ट्रॉली खरोखरच दिसत नाही. ‘दिसली नाही’ हे वाक्य जर कोठे अक्षरशः सत्य असेल तर ते येथे. पण ते बोलणारा जिवंत राहिलेला नसतो, आणि सकाळी छापून येते: ‘दुचाकीस्वार ट्रॉलीवर आदळला’.

प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच: कारखान्याच्या काट्यावर. तेथे उसाचे किलोकिलोने वजन होते, पावती फाडली जाते, सगळे नोंदले जाते. त्या काट्यावर एका माणसाला लाल चकाकत्या पट्ट्यांचे बंडल देऊन बसवावे, आणि मागे पट्टी नसलेल्या ट्रॉलीचे वजन करू नये. खर्च कारखान्याने करावा. अग्निप्रदीपनाच्या निमंत्रणपत्रिकांवर होतो त्याहून तो जास्त होणार नाही.